पितळी नळीतला राग

१९६८ साली एच.एम.व्ही.ने एक लाँगप्ले तबकडी बाजारात आणली. संगीतकार होते शंकर-जयकिशन आणि तबकडीचे नाव होते 'रागा जॅझ स्टाइल'. त्या वेळी हिंदी चित्रपटसंगीतात या जोडीचा शब्द शेवटचा मानला जाई, तरीही या तबकडीत एकही गाणे नव्हते आणि एकही शब्द नव्हता. तिच्यात अकरा राग होते: तोडी, भैरव, मालकंस, कलावती, तिलक कामोद, मियाँ मल्हार, बैरागी, जयजयवंती, मिश्र पिलू, शिवरंजनी आणि शेवटी रीतसर भैरवी. सतारीवर उस्ताद रईस खाँ, तबल्यावर रमाकांत, ड्रम्सवर लेस्ली गोदिन्हो, ट्रम्पेटवर जॉन परेरा, पियानोवर लुसिला पाशेको आणि सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग. दोन वर्षांनी, १९७० साली, ब्राझ गोन्साल्विस या गोमंतकीय सॅक्सोफोनवादकाने आपल्या सात जणांच्या वाद्यवृंदाची 'रागा रॉक' ही तबकडी काढली. भारतात राग आणि जॅझ यांची गाठ कशी पडली, हे जाणून घ्यायचे तर या दोन तबकड्या आणि त्यांतले हे दोन सॅक्सोफोन यांच्यापासून सुरुवात करावी.

आमच्या पालम भागात, म्हणजे परभणी जिल्ह्याच्या गोदाकाठच्या टोकाला, सॅक्सोफोन म्हटला की वरात डोळ्यांसमोर येते. क्लॅरिनेटवाला पुढे, त्याच्या मागे गळ्यातल्या पट्ट्याला अडकवलेला वाकडा, पिवळा, चकाकणारा सॅक्सोफोन आणि त्यातून निघणारी कुठल्या तरी सिनेमाची धून. डीजे आले तसे हे वाजवणारे कमी झाले. पण लग्नाच्या बँडमधून ऐकू येणाऱ्या त्या धुनेतला सॅक्सोफोनचा तुकडा मुळात मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहात कुणी तरी वाजवलेला असतो. तो कुणी वाजवला, हे तबकडीच्या वेष्टनावर बहुतेक वेळा छापलेलेच नसते. मला हा विषय महत्त्वाचा वाटतो तो याच कारणाने. आपण ज्यांना आयुष्यभर ऐकले, त्यांची नावे आपल्याला माहीत नाहीत.

आधी वाद्याकडे पाहू. बेल्जियममधल्या दिनां गावी १८१४ साली जन्मलेल्या अडॉल्फ साक्स यांनी हे वाद्य बनवले आणि २८ जून १८४६ रोजी पॅरिसमध्ये त्याचे पेटंट घेतले. नळी पितळेची असली तरी हे वाद्य ट्रम्पेटच्या घराण्यातले नाही. त्याच्या माउथपीसवर बोरूची एक पातळ पत्ती बसवलेली असते. फुंकरीने ती थरथरते आणि नळीतली हवा वाजू लागते. क्लॅरिनेटमध्येही अशीच एकेरी पत्ती असते, आपल्या सनईत ती दुहेरी असते. म्हणून सॅक्सोफोन बासरी, क्लॅरिनेट, सनई यांच्या पंगतीत बसतो. नळी मात्र शंकूसारखी रुंद होत जाते आणि तिच्यावरची भोके इतकी मोठी असतात की बोटाने झाकली जात नाहीत. ती झाकायला चामडी पॅड बसवलेल्या वीसेक किल्ल्या असतात.

रागाच्या दृष्टीने अडचण तिथेच आहे. बासरीवाला बोट भोकावरून हळूच सरकवतो आणि एका स्वरातून दुसऱ्या स्वरात घसरत जातो. सॅक्सोफोनची किल्ली दाबली तर भोक बंद, सोडली तर उघडे. बासरीवर स्वरांमध्ये उतार असतो, सॅक्सोफोनवर पायऱ्या असतात. मग मींड कुठून काढायची? खालचा ओठ किंचित सैल करायचा, घशाची पोकळी बदलायची, फुंकरीचा दाब कमीजास्त करायचा आणि किल्ली अर्धवट उचलून धरायची. स्वर खाली वाकवणे त्यातल्या त्यात सोपे, वर चढवणे अवघड. तोडीचा कोमल गंधार जसा हलकेच झुलवत ठेवावा लागतो, तसा तो या वाद्यावर झुलवायचा तर ओठाला वर्षानुवर्षे मेहनत घ्यावी लागते. ही मेहनत ऐकणाऱ्याला दिसत नाही.

दुसरी अडचण पट्टीची. आल्टो सॅक्सोफोन आणि टेनर सॅक्सोफोन ही वाद्ये बँडच्या सोयीने फ्लॅट पट्ट्यांत घडवलेली असतात. सतारीचा सा साधारण काळी एक किंवा पांढरी दोन या पट्टीत असतो. तो पांढरी दोनमध्ये असला तर शेजारी उभ्या असलेल्या आल्टोवाल्याला पाच शार्पच्या सप्तकात बोटे चालवावी लागतात. मूळच्या सोप्या तानेसाठीही बोटांची अवघड चाल बसवावी लागते. सतारिया तारा पिळून सा बदलू शकतो, सॅक्सोफोनवाल्याला ती सोय नाही. म्हणजे असा संगम घडवायचा तर सगळ्यात जास्त तडजोड आणि सगळ्यात जास्त घाम याच माणसाचा.

हे वाद्य मुंबईत रुजले ते नाचगाण्याच्या दिवाणखान्यांत. १९३५ साली ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादकाचा जॅझ बँड आला. त्याच्या मागोमाग कॉर्नेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड यांचे बँड आले. या मंडळींत रूडी जॅक्सन हे क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन वाजवणारे गृहस्थ होते. १९२७ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कला ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदात काम केले होते. जॅझची गंगोत्री पाहून आलेला माणूस अपोलो बंदरावर वाजवत होता आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसून ऐकणारे, शिकणारे बहुतेक गोमंतकीय होते.

गोमंतकीयच का, याचे उत्तर गोव्याच्या चर्चच्या शाळांमध्ये आहे. पोर्तुगीज अमदानीत गावोगावच्या चर्चला जोडलेल्या शाळेत मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. कागदावरचे संगीत बघून लगेच वाजवणारी माणसे त्या काळच्या हिंदुस्थानात इतरत्र फारशी मिळत नसत. मग ती संस्थानिकांच्या बँडमध्ये गेली, मूकपटांच्या थिएटरांत पडद्यापुढे बसली, जहाजांवर आणि हॉटेलांत वाजवू लागली. मुंबईत त्यांचा मुक्काम धोबी तलावच्या 'कुडां'मध्ये, म्हणजे एकेका गावाने आपल्या माणसांसाठी चालवलेल्या सामायिक खोल्यांमध्ये असे. ट्रंक भिंतीला, चटई जमिनीवर आणि वाद्याची पेटी उशाशी.

हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, ज्यांना सगळे 'चिक चॉकलेट' म्हणून ओळखत, ते त्यांच्यातले मोठे ट्रम्पेटवादक. त्यांना भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. त्यांची आणि एका मराठी संगीतकाराची जोडी जमली आणि हिंदी सिनेमाच्या संगीताने कूस पालटली. ते संगीतकार म्हणजे सी. रामचंद्र, रामचंद्र नरहर चितळकर. १९१८ साली पुणतांब्याला जन्मलेले. पुणतांबेही गोदावरीकाठचेच, आमच्यापासून नदीच्या उलट दिशेने बरेच वर. 'शहनाई' हा १९४७ चा चित्रपट आणि भगवानदादांचा १९५१ चा 'अलबेला' यांत चितळकरांनी जॅझचा ठेका आणि पितळी वाद्यांचा दणका अशा सहजतेने आणला की खेड्यातल्या माणसालाही तो परका वाटला नाही. 'अलबेला'त तर चिक चॉकलेट यांचा बँड पडद्यावरही दिसतो.

याच पिढीतले ट्रम्पेटवादक फ्रँक फर्नांड १९४६ मध्ये मसुरीला महात्मा गांधींना भेटले होते. त्या भेटीनंतर जॅझ आपल्या देशाच्या पद्धतीने वाजवावा, हा ध्यास त्यांनी घेतला. 'आमचें नशीब' आणि 'निर्मोण' हे कोंकणी चित्रपट काढणारे ते हेच. दुसरे माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस. त्यांनी १९५८ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या आवारात पाश्चात्त्य वाद्यवृंद आणि भारतीय राग यांना एकत्र आणणारी मैफल उभी केली. लता मंगेशकर आणि मन्ना डे तिच्यात गायले. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल हे त्यांचे शिष्य.

हे सगळे सविस्तर सांगण्याला कारण आहे. राग आणि जॅझ यांचा मिलाफ ही साठच्या दशकात लंडन-न्यूयॉर्कला निघालेली फॅशन आणि आपण तिची नक्कल केली, असे सर्रास लिहिले जाते. तिकडे ते घडत होते हे खरे. कोलकात्यात जन्मलेले जॉन मेयर आणि जमैकाचे सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांनी लंडनमध्ये पाच जॅझवाले आणि पाच भारतीय वाद्ये वाजवणारे असा दहा जणांचा मेळ जमवून १९६६ मध्ये 'इंडो-जॅझ सूट' काढली. जॉन कोल्ट्रेन यांनी १९६१ मध्ये 'इंडिया' नावाची रचना सॅक्सोफोनवर वाजवली आणि पुढे पंडित रविशंकर यांच्यावरच्या आदरापोटी आपल्या मुलाचे नाव रवी ठेवले. तो रवीही आज नामवंत सॅक्सोफोनवादक आहे. पण मुंबईतल्या माणसांना राग या वाद्यावर कसा आणायचा हा प्रश्न त्याच्या बराच आधी रोज सकाळी नऊ वाजता पडत होता. संगीतकार हार्मोनियमवर रागातली चाल गाऊन दाखवायचा, अरेंजर ती कागदावर उतरवायचा आणि सॅक्सोफोनवाल्याला दुपारच्या टेकपर्यंत त्यात पिलू किंवा शिवरंजनी आणावीच लागायची. ही कला पोटापाण्याच्या कामातून घडली आणि तिची किंमत त्यामुळे कमी होत नाही. माझ्या मते वाढते.

पोटापाण्याचा संबंध दारूबंदीशीही आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर शहरातल्या नाचघरांचा धंदा बसला. वाजवणारे काही सिनेमाकडे वळले, काही कोलकात्याला गेले. तिथे पार्क स्ट्रीटवर रात्रीचे संगीत जोरात होते. मनोहारी सिंग मात्र उलट्या वाटेने आले. ८ मार्च १९३१ रोजी कोलकात्यात एका नेपाळी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. बाटानगरच्या बाटा कंपनीच्या बँडमध्ये ते वाजवायला लागले. पुढे कलकत्ता सिंफनी ऑर्केस्ट्रात बासरी आणि रात्री हॉटेलांत सॅक्सोफोन. सलील चौधरी यांच्या आग्रहाने १९५८ मध्ये ते मुंबईत आले आणि राहिले.

त्यानंतरची चाळीसएक वर्षे हिंदी सिनेमाच्या संगीतात सॅक्सोफोन म्हणजे मनोहारीदा असे समीकरण होते. राहुलदेव बर्मन यांचे ते प्रमुख साहाय्यक होते. बासू चक्रवर्ती आणि मारुतीराव कीर हे त्यांचे दोन सोबती. मारुतीराव तालाचे, बासूदा आणि मनोहारीदा स्वरांचे. 'बासू-मनोहारी' या नावाने त्यांनी १९७६ च्या 'सबसे बडा रुपय्या'ला स्वतंत्र संगीतही दिले. पण मला त्यांचे मोठेपण दिसते ते 'रागा जॅझ स्टाइल'मध्ये. गाण्यात सॅक्सोफोनला चार किंवा आठ मात्रांची फट मिळते. इथे सतारीसमोर बरोबरीने उभे राहायचे होते. रईस खाँ म्हणजे लांब मींडेचे बादशहा. एका पडद्यावर तार ओढून ते चारपाच स्वर सहज काढत. त्यांच्यामागून किल्ल्यांच्या वाद्याने तोच राग सांगायचा, त्यातला रस जाऊ द्यायचा नाही आणि जॅझचा डौलही सोडायचा नाही, हे काम सोपे नव्हते. मनोहारीदांनी सतारीची नक्कल केली नाही, त्यांनी रागाचे ठळक स्वरसमूह उचलले आणि त्यांना सॅक्सोफोनच्या दमदार, भरीव आवाजात मांडले. एका बाजूला तबला, दुसऱ्या बाजूला ड्रम्स. तबकडी तेव्हा फार गाजली नाही. पुढे तिच्या नव्या आवृत्त्या निघाल्या आणि जगभरचे संग्राहक तिच्या मूळ प्रती शोधू लागले. मनोहारीदा १३ जुलै २०१० रोजी मुंबईत वारले.

ब्राझ गोन्साल्विस यांची वाट वेगळी. तिसवाडीतल्या नेवरा गावचा हा माणूस, मनोहारीदांच्याच पिढीचा. सिनेमाच्या कामापेक्षा त्यांची ओढ रंगमंचावरच्या जॅझकडे होती, जिथे वाजवणारा पुढच्या क्षणी काय वाजवणार हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसते. सत्तरच्या दशकात कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवरच्या ब्लू फॉक्समध्ये पियानोवर लुई बँक्स, गायला पॅम क्रेन आणि सॅक्सोफोनवर ब्राझ असा मेळ होता. दार्जिलिंगला जन्मलेले लुई बँक्स तेव्हा काठमांडूहून नुकतेच आलेले तरुण होते. पुढे 'मिले सूर मेरा तुम्हारा'च्या संगीतामागे त्यांचा हात होता. ब्राझ यांच्या पत्नी इव्हॉन या चिक चॉकलेट यांच्या कन्या आणि स्वतः उत्तम गायिका. म्हणजे 'अलबेला'च्या काळातला जॅझ आणि 'रागा रॉक' नंतरचा जॅझ एकाच घरात नांदत होता.

ब्राझ यांनी रागाकडे वळून नेमके काय केले, हे समजायला जॅझच्या एका मूळ गुणाकडे पाहायला हवे. जॅझमध्ये वादकाच्या पाठीमागे कॉर्ड्स बदलत असतात. पियानो आणि बेस दर दोनचार मात्रांनी आपला पाया सरकवतात आणि त्यामुळे एकाच स्वराचा भाव बदलत जातो. आपल्या रागात पाया हलत नाही. तानपुरा सुरुवातीपासून शेवटपर्यंत तोच सा धरून ठेवतो. आता मालकंस घ्या. सा, कोमल ग, शुद्ध म, कोमल ध, कोमल नि. सॅक्सोफोनवाला हेच पाच स्वर वाजवत राहिला आणि मागे बेसवाला सा सोडून मध्यमावर स्थिरावला, तर कान त्या मध्यमालाच सा मानू लागतो. तेच पाच स्वर आता धानी होतात. बेस कोमल गंधारावर गेला तर दुर्गा, कोमल धैवतावर गेला तर भूप, कोमल निषादावर गेला तर मेघाची छाया. सॅक्सोफोनवाल्याने एकही चुकीचा स्वर लावलेला नसतो, तरीही मालकंस नाहीसा होतो. आपल्याकडे याला मूर्च्छना म्हणतात आणि ती जाणून केली तर चमत्कार वाटतो. नकळत झाली तर रागाचा घात होतो.

म्हणून पाश्चात्त्य कॉर्ड्सवर राग नुसता ठेवून चालत नाही. जॅझमध्येच १९५९ साली याचा एक मार्ग निघाला. माइल्स डेव्हिस यांच्या 'काइंड ऑफ ब्लू' या तबकडीत कॉर्ड्सची धावपळ कमी करून एकाच स्वरसप्तकावर बराच वेळ थांबण्याची पद्धत आली. तिच्यात टेनर सॅक्सोफोनवर कोल्ट्रेनच होते. पाया स्थिर झाला तशी रागाला जॅझमध्ये बसायला जागा मिळाली. लयीचा प्रश्न तर आधीच सुटलेला होता. त्रितालाच्या सोळा मात्रा म्हणजे जॅझवाल्यांचे चार चार मात्रांचे चार बार. आपल्याकडचे सवालजवाब आणि त्यांच्याकडे एका वादकाने चार बार वाजवून दुसऱ्याला चार बार देणे, या दोन्हींत चाल सारखीच. तबलजीने तिहाई मारून समेवर आणले की ड्रमवाल्याच्याही अंगावर काटा येतो. कीरवाणी रागाचे स्वर तर पाश्चात्त्यांच्या हार्मोनिक मायनरशी तंतोतंत जुळतात. जगभरच्या अशा मैफलींत कीरवाणी इतका का ऐकू येतो, त्याचे कारण हे.

या सगळ्यासाठी एक व्यासपीठ लागते. ते मुंबईने दिले. निरंजन झवेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली 'जॅझ यात्रा' भरवली, धोबी तलावच्या रंगभवनात, उघड्या आकाशाखाली. ज्या वस्तीच्या कुडांमध्ये गोमंतकीय वादक चटईवर झोपले होते, तिथून हाकेच्या अंतरावर. पहिल्याच यात्रेत सॉनी रोलिन्स वाजवून गेले. जगातल्या सर्वश्रेष्ठ टेनर सॅक्सोफोनवादकांत गणले जाणारे हे रोलिन्स साठच्या दशकाच्या अखेरीस योगाभ्यासासाठी पवईच्या आश्रमात काही महिने राहून गेले होते. त्याआधी १९५८ मध्ये डेव्ह ब्रुबेक आपल्या चौकडीसह मुंबईत आले होते. आल्टो सॅक्सोफोनवाले पॉल डेझमंड त्यांच्यासोबत होते आणि ब्रुबेक यांनी मुंबईत सतारवादक उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्यासोबत वाजवले होते. एलिंग्टन १९६३ मध्ये आले, आर्मस्ट्राँग १९६४ मध्ये. पण हे सगळे पाहुणे होते. जॅझ यात्रेत पाहुणे आणि यजमान एकाच मंचावर आले, आणि यजमानांच्या बाजूने ब्राझ गोन्साल्विस उभे राहिले.

त्यातूनच ब्राझ आणि लुई बँक्स यांचा भारतीय जॅझचा मेळ आकाराला आला. बंगळूरच्या गायिका आर. ए. रमामणी आणि मृदंगवादक टी. ए. एस. मणी यांच्यासोबत 'संगम' हा गट उभा राहिला आणि त्याने युरोपात दौरे केले. रमामणी कर्नाटक पद्धतीची सरगम आणि तालाचे बोल विजेच्या वेगाने म्हणत. त्यांच्या शेजारी सॅक्सोफोन आणि मागे पियानो. गळा आणि सॅक्सोफोन एकच स्वरपंक्ती एकत्र म्हणू लागतात तेव्हा गळ्यातल्या गमकांपर्यंत वाद्याला पोचावेच लागते, पळवाट उरत नाही. संगमचे ध्वनिमुद्रण मिळाले तर या जागा जरूर ऐकाव्यात. आपल्याकडे मिलाफाच्या नावाखाली आधी सतार, मग गिटार, मग दोघांची घाई, असा प्रकार पुष्कळ चालतो. इथे तसे नाही.

याच रंगभवनात एक आणखी गाठ पडली. मंगळूरजवळच्या सजीपमुडा गावात १९४९ साली जन्मलेल्या कद्री गोपालनाथ यांचे वडील नागस्वरम वाजवत. म्हैसूरच्या राजवाड्यातल्या बँडमध्ये सॅक्सोफोन पाहिला आणि मुलाचा जीव त्या वाद्यावर जडला. त्यांनी त्याच्यावर थेट कर्नाटक संगीत बसवायचे ठरवले. त्यासाठी किल्ल्यांच्या पॅडमध्ये आपल्या हाताने बदल केले, ओठाची ठेवण बदलली आणि गमक काढून दाखवले. १९८० च्या जॅझ यात्रेत अमेरिकन सॅक्सोफोनवादक जॉन हँडी यांनी त्यांना ऐकले आणि सोबत वाजवायला बोलावले. हँडी यांनी त्याआधी उस्ताद अली अकबर खाँ यांच्यासोबत 'करुणा सुप्रीम' ही तबकडी केली होती, त्यामुळे त्यांना काय ऐकतो आहोत ते कळले. कद्री यांना पुढे पद्मश्री मिळाली, १९९४ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये प्रॉम्स महोत्सवात त्यांनी वाजवले, आणि त्याच वर्षीच्या 'ड्युएट' या तमिळ चित्रपटात ए. आर. रहमान यांनी त्यांच्या सॅक्सोफोनला नायकाचा आवाज केले. २०१९ मध्ये ते गेले.

पुढची कडी अमेरिकेतली. रुद्रेश महंतप्पा या भारतीय वंशाच्या आल्टो सॅक्सोफोनवादकाने २००८ मध्ये कद्री यांच्यासोबत 'किन्समेन' काढली. दोन आल्टो सॅक्सोफोन समोरासमोर, वाद्य एकच, एकाने ते जॅझमधून शिकलेले आणि दुसऱ्याने मंदिरातल्या नागस्वरमच्या परंपरेतून. त्याच वर्षी 'माइल्स फ्रॉम इंडिया' ही तबकडी आली. 'काइंड ऑफ ब्लू'सारख्या माइल्स डेव्हिस यांच्या रचना भारतीय आणि अमेरिकन वादकांनी एकत्र बसून नव्याने वाजवल्या. तिच्यात लुई बँक्स होते आणि महंतप्पाही होते. तिला ग्रॅमीचे नामांकन मिळाले.

रंगभवन आता मुके आहे. शेजारी रुग्णालय आणि महाविद्यालय असल्याने तो परिसर शांतता क्षेत्र ठरला आणि तिथल्या मैफली बंद पडल्या. शांततेचा नियम योग्यच आहे. पण त्या जागेच्या तोडीचे, सामान्य माणसाला परवडणारे उघडे सभागृह दक्षिण मुंबईत पुन्हा उभे राहिले नाही, याचे मला फार वाईट वाटते. ब्राझ यांच्यासारख्या वादकाला दोन-तीन हजार माणसांसमोर, जेवणाच्या टेबलांमधून नव्हे तर मंचावरून वाजवायला मिळाले, ते तिथे. महाराष्ट्राच्या संगीताचा इतिहास लिहिताना आपण संगीत नाटक, भजन, ख्याल, लावणी आणि भावगीत यांची प्रकरणे काढतो. धोबी तलावच्या या माणसांसाठी प्रकरण नसते. त्यांची आडनावे डिसोझा, गोदिन्हो, गोन्साल्विस, परेरा अशी आहेत आणि त्यांची कर्मभूमी गिरगाव चर्चपासून दादरच्या स्टुडिओंपर्यंतची आहे. एवढ्या कारणासाठी तरी त्यांना आपले म्हणायला हरकत नसावी.

मिलाफाची ही वाट आता उलट बाजूनेही चालू झाली आहे. मुंबईचे बासरीवादक राकेश चौरसिया, पंडित हरिप्रसाद चौरसिया यांचे पुतणे आणि शिष्य, यांनी बँजोवादक बेला फ्लेक, बेसवादक एडगर मेयर आणि उस्ताद झाकीर हुसेन यांच्यासोबत 'ॲज वी स्पीक' ही तबकडी केली. ४ फेब्रुवारी २०२४ रोजी तिला समकालीन वाद्यसंगीताचे ग्रॅमी मिळाले आणि तिच्यातल्या 'पश्तो' या रचनेला आणखी एक. मनोहारीदा आणि ब्राझ यांनी किल्ल्यांच्या वाद्यातून मींड काढली. राकेश यांना बिनकिल्लीच्या बांबूवर बँजोच्या तुटक, धावत्या स्वरांशी आणि सोबतच्या तिघांच्या सतत बदलणाऱ्या पायाशी जुळवून घ्यावे लागले, अर्धे भोक उघडे ठेवून कोमल-तीव्राचे स्वर निमिषात गाठावे लागले. अडचण तीच आहे, फक्त ती आता दुसऱ्या टोकाने सोडवली जाते आहे.